गच्चीवरचा जुना फोन आणि गोरेगावचे पक्षी : प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

जागा: गोरेगाव पूर्व, आमच्या सोसायटीची गच्ची. पूर्वेला आरे कॉलनीच्या जंगलाची झाडं, पश्चिमेला हायवे. काम एवढंच की पहाटे गच्चीवरून कुठले पक्षी ऐकू येतात त्याची महिन्यावार नोंद वर्षभर ठेवायची, फक्त आवाजावरून. दिसलेल्या पक्ष्यांच्या याद्या मुंबईत ढिगाने आहेत, ऐकलेल्यांची निदान आमच्या कॉम्प्लेक्सची तरी कुणी केलेली नाही.

सामान: तडा गेलेला जुना अँड्रॉइड फोन, पॉवर बँक, बाजूला भोकं पाडलेला श्रीखंडाचा डबा, लॅपटॉप. नवीन काही विकत घ्यायचं नाही असं ठरलंय, फार तर माईकवर लावायला फोमचा तुकडा.

ॲप दोन. मर्लिन हे अमेरिकेतल्या कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजीचं, फुकट, २०१४ पासून आहे पण आवाजावरून नाव सांगायची सोय त्यात २०२१ मध्ये आली. भारताचा पॅक एकदा उतरवून घेतला की नेट नसलं तरी चालतं आणि ऐकता ऐकता नावं दाखवत जातं. दुसरं बर्डनेट, हेही कॉर्नेलचंच, जर्मनीतल्या केम्निट्झच्या तंत्रज्ञान विद्यापीठाबरोबर केलेलं. त्याचं लॅपटॉपवर चालणारं अ‍ॅनालायझर आपल्या खऱ्या उपयोगाचं, कारण तासाभराची फाइल टाकली की ते तीन-तीन सेकंदांचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्यापुढे पक्ष्याचं नाव आणि ० ते १ मधला एक आकडा देतं. तो आकडा म्हणजे टक्के नव्हेत हे लक्षात ठेवायचं, ०.८ आला म्हणजे ८० टक्के खात्री असं काही नसतं, त्या मॉडेलला स्वतःला किती जोर वाटतोय एवढंच ते.

आतून दोन्हींची पद्धत एकच आहे. आवाजाचं चित्र काढायचं, आडवा वेळ, उभा सूर (जाडा आवाज खाली, बारीक आवाज वर), जितका जोर तितकी रेघ ठळक, आणि मग ते चित्र आधी शिकवलेल्या हजारो चित्रांशी जुळतंय का बघायचं. त्या चित्राला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. म्हणजे फोटोतला चेहरा ओळखणारं तंत्रच इथे आवाजाला लावलंय.

बर्डनेटमध्ये लोकेशन भरणं मस्ट. १९.१६ उत्तर, ७२.८७ पूर्व, आणि वर्षातला आठवडा. हे रिकामं ठेवलं तर जगभरातल्या सहा हजारांवर जाती त्याच्या डोळ्यासमोर असतात आणि मग आपल्या बुलबुलाच्या जागी युरोपातलं काहीही येऊ शकतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

आजची फाइल म्हणजे पंपाची फाइल. पाणी पहाटे येतं, खालच्या टाकीतून वरच्या टाकीत चढवायचा पंप साडेपाच-सहाला सुरू होतो आणि त्याची घूं सगळ्या गच्चीच्या स्लॅबमधून फोनमध्ये शिरते. स्पेक्ट्रोग्रामच्या तळाशी एकावर एक सरळ जाड रेघा, त्यात पक्षी कुठला दिसणार. फोन आता चौपदरी टॉवेलवर ठेवलाय आणि टाकीपासून लांब पूर्वेच्या कठड्याला नेलाय, असा की जिन्याची खोली बरोबर हायवे आणि फोन यांच्या मध्ये येते.

या एका हलवाहलवीने जो फरक पडला तो ॲप बदलून, सेटिंग बदलून, कशानेच पडला नव्हता. सध्या सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो त्यामुळे पंप बंद झाल्यावरही पहाटेची चांगली वेळ हातात राहते. उन्हाळ्यात काय करायचं ते तेव्हा बघू.

सेटिंगबद्दल एकच: फोनमधल्या साध्या व्हॉइस रेकॉर्डरने रेकॉर्ड करू नका. ते माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं असतं, बाकी सगळं गोंगाट समजून दाबतं, आणि त्या बाकीमध्येच आपले पक्षी असतात. ज्या रेकॉर्डरमध्ये नॉइज सप्रेशन (गोंगाट दाबणं) आणि ऑटो गेन (आवाज आपोआप लहान-मोठा करणं) बंद करता येतात तो घ्यायचा, फाइल डब्ल्यूएव्ही (आवाज काही न गाळता ठेवणारी), ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४८ हजार वेळा आवाजाचं माप. त्याच्या निम्म्यापर्यंतचा, म्हणजे २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज धरता येतो, कुठल्याही पक्ष्याला पुरून उरेल. एमपी३ नको, ते जागा वाचवायला नेमके बारीक तपशील काढून टाकतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट (जगभरचे लोक चार दिवस आपापल्या भोवतीचे पक्षी मोजतात) चालू आहे, १४ ते १७. भारत यात २०१३ पासून आहे. पक्ष्यांच्या ग्रुपवर सगळ्यांच्या याद्या पडतायत त्यामुळे आपली पण फाइल आज नीट बसून ऐकली.

नेहमीचे सगळे आले: कावळा, डोमकावळा, साळुंकी, राघू, लालबुड्या बुलबुल, शिपाई बुलबुल, शिंपी, तांबट, खंड्या, घार. मजा वाटली ती दोन वटवट्यांची. बर्डनेटने ब्लिथचा वटवट्या आणि हिरवट वटवट्या दिले आणि बी विंगमधला अकरावीतला मुलगा, जो फाइली लावायला मदत करतो, म्हणाला ताई हे फेक वाटतंय, इतके दिवस राहतोय इथे कधी बघितले नाहीत. बघणार कसे, मातकट-हिरवट रंगाचे चिमणीपेक्षा लहान पक्षी, पानांच्या आत. पण दोघंही हिवाळी पाहुणे म्हणून मुंबईत नेहमीचे. ब्लिथचा तर पार रशियाकडून येतो आणि इथे कुंपणाच्या झुडपात बसून चक्, चक् करत राहतो. खाली उतरलो, जास्वंदीच्या कुंपणापाशी गप्प उभे राहिलो, चक् ऐकलं, मग हलणारं पान, मग पक्षी. हिरवट वटवट्या सोनमोहरावर होता, त्याचं दोन तुकड्यांचं टिस्-यिप एकदा कानात बसलं की मग सारखं ऐकू यायला लागतं.

ॲपचा माझ्या मते सगळ्यात चांगला उपयोग हाच. कावळा सांगायला ॲप कशाला पाहिजे.

नोंदवहीचा नियम आजपासून असा: ॲपने नाव दिलं की ते "शंका" रकान्यात. माणसाने तो तुकडा हेडफोन लावून ऐकला, झेनो-कॅन्टोवरच्या रेकॉर्डिंगशी (ही २००५ पासूनची फुकट साइट, जगभरचे लोक त्यावर आवाज टाकतात) ताडून पाहिला आणि पटलं, की "नोंद". ईबर्डवर (पक्ष्यांच्या याद्या टाकायची साइट) पण नुसतं ॲप म्हणालं म्हणून टाकायचं नसतं, स्वतःची खात्री लागते.

२ मार्च, रविवार

तळमजल्यावरचे काका आज वर आले. सत्तरी ओलांडलेले, आरेत चाळीस वर्षं सकाळी फिरतात, ॲपवर काडीचा विश्वास नाही. त्यांना एक कानात, मला एक कानात असे हेडफोन लावून बसलो.

भारद्वाजाचा घूप्-घूप् मला फाइलमध्ये सापडायच्या आधी ते म्हणाले, "अगं, तो बघ भारद्वाज, लांब आहे, आरेच्या बाजूला." बर्डनेटने तिथे काहीच दिलेलं नव्हतं. पुढे फुलटोच्याची टिक्-टिक्-टिक् आली, स्क्रीनवर वरच्या बाजूला स्पष्ट ठिपके, बर्डनेट ०.९ म्हणतंय, मला पण ऐकू येतंय, काका म्हणतात काही नाहीये. आवाज वाढवला तरी नाही. वय वाढलं की कान आधी बारीक, उंच आवाज सोडतो, हे सगळ्यांचंच होतं. काकांना ते आज पहिल्यांदा कळलं असावं कारण ते जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे फुलटोचे कमी झाले असं मी गेली कित्येक वर्षं लोकांना सांगतोय..." मी काही बोलले नाही, चहा आणला.

यातून कामाचं काय तर काकांचा कान खालच्या आवाजाला पक्का, फोन वरच्या आवाजाला पक्का. फोन खालच्या आवाजाला का कमी पडतो ते शोधायला हवं. माझा अंदाज हायवेवर आहे.

तांबटाबद्दल काकांनी सांगितलं ते लिहून ठेवते. टुक्-टुक्-टुक् करताना त्याची चोच बंद असते, गळ्याजवळची कातडी फुगते आणि बसते. मिनिटाला शंभराच्या वर ठोके, एकसारखे. स्पेक्ट्रोग्रामवर एका उंचीवर समान अंतरावरचे ठिपके दिसतात, इतके नियमित की आवाज हळू असला तरी ॲप चुकत नाही.

१५ मार्च, शनिवार

होळी, धुळवड. स्पीकर. फाइली न ऐकता डिलीट.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

कोकीळ सुरू झाला, म्हणजे अधूनमधून फेब्रुवारीतही होता पण आता पहाटे चारला, रस्त्यावरच्या दिव्याखालच्या पिंपळावरून. ए विंगमध्ये दोन घरांनी तक्रार केली की याचं काही करता येईल का. नाही करता येणार.

आज बी विंगमधल्या मुलाला स्पेक्ट्रोग्राम वाचायला शिकवलं, कोकिळाने सुरुवात केली कारण तो सोपा, प्रत्येक कुऊऽ खालून वर जाणारी एक रेघ आणि पुढची रेघ आधीच्यापेक्षा जरा वर, जिना चढल्यासारखं. खंड्याचं उलटं, वरून खाली घरंगळणारी कंपनं. दयाळ सगळ्यात अवघड, दर वेळी वेगळं वाक्य, मध्येच दुसऱ्याच पक्ष्याची नक्कल. एका तीन सेकंदांच्या तुकड्याला बर्डनेटने बुलबुल म्हटलं आणि पुढच्याला दयाळ, आणि ऐकल्यावर दोन्ही तुकडे एकाच दयाळाचे. अशा वेळी आधीचं-नंतरचं मिनिटभर ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. तुकडा तीन सेकंदांचा असतो, गाणं तेवढं नसतं.

गुढ्या उभारायच्या म्हणून सगळी सोसायटी लवकर उठली होती तरी हायवे शांत होता, सुट्टी ना. आणि आजच्या फाइलमध्ये भारद्वाज बर्डनेटने स्वतःहून दिलाय, एकदा नाही, बऱ्याचदा. मार्चमधल्या कामाच्या दिवसांच्या फाइलींमध्ये जवळपास नाहीच. अंदाज बरोबर असावा.

१३ एप्रिल, रविवार

आरेत गेलो, तिघं. उजाडल्यावरच, कारण बिबट्या. काकांची अट.

मर्लिन लाइव्ह चालू ठेवलं. शिक्रा, शिक्रा, शिक्रा असं सारखं दाखवत होतं. काका वर न बघताच म्हणाले शिक्रा नाही, भृंगराज. शेपटीच्या दोन लांब तारा असलेला मोठा कोतवाल, तो शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो. झाडावर तो होताच. यात ॲपला दोष देण्यात अर्थ नाही, तो आवाज शिक्र्याचाच आहे, काढणारा वेगळा आहे. खारीच्या चिपचिपीला मात्र मर्लिन एकदा शिंपी आणि एकदा सूर्यपक्षी म्हणालं, ते जरा जास्तच झालं.

सुभग ऐकला. लांब शीळ आणि शेवटी एकदम खाली पडणारा सूर. हळद्या पण.

मुलाने फोनवर सुभगाचा आवाज वाजवायला घेतला, म्हणजे तो जवळ येईल आणि फोटो मिळेल. काकांनी हात धरला. थोडी वादावादी झाली, तो म्हणे सगळेच करतात. करतात खरे. पण आता विणीचा काळ सुरू होतोय, नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला, तो घरटं नि खाणं सोडून त्या न दिसणाऱ्या शत्रूच्या मागे लागतो. आपल्याला एक फोटो मिळतो, त्याची सकाळ जाते. प्रकल्पात प्लेबॅक नाही, विषय संपला.

घरचा मुद्दा: सूर्य आता साडेसहाच्या आत उगवतो, पंप आणि पक्षी एकाच वेळी. वॉचमनमामांशी बोलले. वरची टाकी रात्रीच भरलेली असेल तर रविवारी पंप सातनंतर लावायला त्यांची हरकत नाही. म्हणजे मुख्य रेकॉर्डिंग आता रविवारचं, मधल्या दिवसांचं फक्त तुलनेसाठी.

४ मे, रविवार

कमिटीची मीटिंग. कुणीतरी प्रश्न काढला की गच्चीवर रात्रंदिवस माईक चालू असतो आणि लोकांचं बोलणं रेकॉर्ड होतं. रात्रंदिवस नाही, पण प्रश्न चुकीचा नाही. पहाटे गच्चीवर योगासनं करणारे असतात, फोनवर बोलणारे असतात, आणि वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांतून काय काय ऐकू येतं ते मलाच माहीत.

ठरलं ते असं. गच्चीच्या दारावर पाटी, रेकॉर्डिंगची वेळ लिहून. फोन फक्त पहाटे दीड तास. बर्डनेट माणसाचा आवाज पण वेगळा ओळखतं (कुत्रा, सायरन, इंजिन, फटाके यांनाही त्यात वेगळी नावं आहेत), तर जिथे माणूस सापडेल तो तुकडा आणि त्याच्या आगेमागचे तुकडे आधी पुसायचे, मग बाकी ऐकायचं. ठेवायची ती फक्त पक्ष्यांची कात्रणं, मूळ फाइल आठवड्याने डिलीट. तक्रार करणाऱ्यांनीच शेवटी विचारलं की त्यांच्या खिडकीच्या ग्रिलवर रोज सकाळी कोण टोचतं. वर्णनावरून शिंजीर (सूर्यपक्षी), काचेत स्वतःलाच बघून भांडत असणार.

हिवाळी वटवटे गेले. एप्रिलच्या शेवटानंतर एकही तुकडा नाही. ही नोंद मला आवडली, कारण ते आले कधी नि गेले कधी हे आमच्या इथे डोळ्यांनी कुणीच सांगू शकलं नसतं.

२७ मे, मंगळवार

काल २६ तारखेला मान्सून मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. एरवी ११ जूनच्या आसपास येतो. आमची तयारी शून्य. डबा भिजला, फोन वाचला. आता डब्यावर पत्र्याची छोटी उतरती पट्टी, पण पत्र्यावर थेंब पडले की टडटड आणि त्यालाच बर्डनेट काहीतरी पक्षी समजतं. पत्र्यावर जुनी गोणपाट घातलीय. बघू.

पावसाच्या आधीचे दोन-तीन दिवस पावशाने डोकं उठवलं होतं. पेरते व्हा, पेरते व्हा, दर वेळी सूर चढवत चढवत शेवटी फुटतो की काय असं वाटेपर्यंत आणि मग परत खालून. रात्रीसुद्धा. ॲपला तो कितीही लांबून कळतो.

१५ जून, रविवार

भारद्वाजाचं काम पूर्ण झालं एकदाचं. गेल्या काही आठवड्यांत काका त्यांच्या गॅलरीत कागद घेऊन बसायचे आणि भारद्वाज ऐकू आला की वेळ लिहायचे. वर फोन त्याच वेळी चालू. मग दोन्ही शेजारी ठेवून बघितलं.

रविवारी फोन आणि काका बऱ्यापैकी जुळतात. कामाच्या दिवशी काकांच्या कागदावरचे निम्म्याहून जास्त घूप्-घूप् बर्डनेटला सापडलेले नाहीत. वाहनांचा आवाज मुख्यतः दोन किलोहर्ट्झच्या खाली असतो, भारद्वाजाची घूप् तर त्याच्याही तळाला, त्यामुळे चित्रात पक्ष्याची रेघ गाड्यांच्या धुरळ्यात बुडते. माणूस लय ओळखून भरून काढतो, मॉडेलला तीन सेकंदांत काळपट पट्टा दिसतो. शिंपी तीन-चार किलोहर्ट्झला ओरडतो, त्याला हायवेचा काही त्रास नाही, म्हणून प्रत्येक फाइलमध्ये शिंपी.

म्हणजे आमची यादी जशीच्या तशी कुणी वाचली तर त्याला वाटेल गोरेगावात शिंपी भरपूर आणि भारद्वाज सुट्टीच्या दिवशीच येतात. शहरात फोनने केलेल्या कुठल्याही यादीला हे लागू होईल. घुबडं, भारद्वाज, पारवे, खालच्या आवाजाचे सगळेच कमी दिसणार. ॲप कितीही सुधारलं तरी जो आवाज रेकॉर्डिंगमध्येच बुडालाय तो ते काढणार कुठून. त्यामुळे कुठलं ॲप बेस्ट हा ग्रुपवर दर आठवड्याला येणारा प्रश्न मला आता फारसा महत्त्वाचा वाटत नाही. फोन कुठे ठेवला, मध्ये भिंत होती का, वार कुठला होता, हे आधी सांगा.

वहीत बदल: प्रत्येक फाइलपुढे गोंगाटाचा रकाना, कमी-मध्यम-जास्त. "नाही" हा शब्द बाद, त्याऐवजी "ऐकू आला नाही". भारद्वाज आणि पिंगळा यांच्यासाठी बर्डनेटच्या आकड्याची किमान मर्यादा ०.७ वरून ०.३ वर आणली, कचरा खूप येईल पण तो काका ऐकतील, त्यांनी स्वतःहून मागून घेतलंय. शिंप्याची ०.८ वर नेली. सगळ्या जातींना एकच आकडा लावण्यात काही अर्थ नाही.

आजच्या फाइलमध्ये सहाच्या सुमाराला एकदा नवरंग दिलाय. पावसाच्या सुरुवातीला नॅशनल पार्कात तो येतो, त्यामुळे आरेच्या बाजूने ऐकू येणं अशक्य नाही. दोन सुरांची शीळ आहे खरी, पण एकदाच, आणि वर बेडकांचा गोंधळ. मुलगा म्हणतो नोंद, काका म्हणतात दयाळाची नक्कल. शंका रकान्यात ठेवलाय. उद्या-परवा पाऊस उघडला तर फोन कठड्याच्या आरेकडच्या टोकाला सरकवायचा, आणि संध्याकाळचा अर्धा तास पण घ्यायचा कारण नवरंग तेव्हाही बोलतो. पाटीवरची वेळ बदलायला सेक्रेटरींना सांगणे.